राजोडी ते मोखाडा : उत्तर कोकणातील लोकसंख्या, आरोग्य आणि नोंदींचा इतिहास

प्रस्तावना

वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील राजोडी हे गाव आणि मोखाडा तालुक्यातील डोंगरपाडे यांमधील अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही भरत नाही. ही दोन्ही ठिकाणे ३१ जुलै २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. म्हणजे शासनाच्या दृष्टीने त्यांची लोकसंख्या, त्यांचे जन्म-मृत्यू आणि त्यांचे आरोग्य यांचा हिशेब एकाच वहीत मांडला जातो. प्रत्यक्षात मात्र एका टोकाला वाड्या, विहिरी, शाळा, चर्च आणि मुंबईला जोडणारी लोकल गाडी आहे, तर दुसऱ्या टोकाला पावसाळ्यात संपर्क तुटणारे पाडे. अशा दोन समाजांचे आकडे एकत्र करून काढलेली सरासरी ही गणिताच्या दृष्टीने अचूक असली तरी इतिहासाच्या दृष्टीने ती कोणाचेच वर्णन करीत नाही.

लोकसंख्येचा इतिहास लिहिताना जनगणनेचे आकडे हे तयार पुरावे म्हणून स्वीकारण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. ते आकडे कोणी, कोणत्या ऋतूत, कोणत्या सीमेच्या आत आणि कोणत्या हेतूने गोळा केले, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन केले आहे की, उत्तर कोकणाच्या डोंगराळ भागातील बालमृत्यूंचा प्रश्न जसा अन्नाचा, औषधाचा आणि रस्त्याचा आहे, तसाच तो नोंदीचाही आहे; आणि नोंदीतील ही उणीव अलीकडची नसून तिला किमान दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

किनारा आणि जंगल : नोंदींच्या दोन परंपरा

राजोडी, कळंब, सत्पाळा, नंदाखाल, निर्मळ, आगाशी हा वसईचा उत्तर किनारपट्टा. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांच्या वाड्यांनी संपन्न असलेल्या या पट्ट्यात ख्रिस्ती समाजाची मोठी वस्ती आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेबरोबर येथे कॅथलिक धर्मपीठाची व्यवस्था आली. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा व विवाह यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले आणि १६१४ च्या विधिग्रंथाने दफनाची नोंदही त्यात समाविष्ट केली. या वह्या लोकसंख्येच्या अभ्यासासाठी निर्माण झाल्या नव्हत्या. आत्म्याच्या उद्धारासाठी नावाची नोंद आवश्यक मानली गेली, एवढाच त्यांचा हेतू. परंतु त्यांचा परिणाम असा झाला की, जन्मानंतर थोड्याच दिवसांत बालकाचे नाव, आईवडिलांची नावे आणि दिनांक कागदावर येण्याची सवय या समाजात रुजली. जगलेल्या मुलाबरोबर न जगलेल्या मुलाचेही नाव वहीत राहिले. युरोपातील लोकसंख्येचा इतिहास ज्या साधनांवर उभा आहे, त्याच जातीचे साधन वसईच्या किनाऱ्यावर होते, ही गोष्ट मराठी इतिहासलेखनाने पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

ही व्यवस्था सर्वांसाठी नव्हती, हेही तितकेच खरे. याच किनाऱ्यावरील वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी या हिंदू समाजांचे जन्म-मृत्यू त्या वह्यांबाहेर होते. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतरच्या मराठी अमदानीतील दफ्तर मुख्यतः जमीन, झाडे, घरे आणि वसूल यांचे आहे. त्यात माणूस दिसतो तो कर देणारा म्हणून. बालक दिसण्याचे कारणच नव्हते.

ब्रिटिश अमदानीत मृत्यूची नोंद गावकामगारांकडे आली. मृत्यूचे कारण लिहिणारा मनुष्य वैद्य नव्हता. देवी आणि पटकी हे रोग सर्वांच्या ओळखीचे असल्याने ते वेगळे लिहिले जात. बाकी बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एका सदरात जात. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतरोग आणि उपासमारीने खंगलेल्या शरीराला आलेला शेवटचा ज्वर हे सगळेच त्या एका शब्दात सामावले. पुढील काळात ‘कुपोषणाने मृत्यू झाला नाही, न्यूमोनियाने झाला’ असे जे शासकीय स्पष्टीकरण वारंवार ऐकावयास मिळाले, त्याचे मूळ या जुन्या सदरांत शोधता येते.

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर हा या प्रदेशाच्या अभ्यासाचा आजही पहिला आधार आहे. वारली, काथकरी, ठाकूर, महादेव कोळी या जमातींची त्यातील वर्णने पुढील शंभर वर्षे जवळजवळ जशीच्या तशी उचलली गेली. किनाऱ्यालगतचा मुलूख निरोगी आणि आतला जंगली मुलूख पावसाळ्यानंतर तापाचा, अशी त्यातील आरोग्याची मांडणी आहे. रोनाल्ड रॉस यांनी डास आणि हिवताप यांचा संबंध सिद्ध केला तो १८९७ मध्ये. त्यापूर्वी जंगलाच्या ‘दूषित हवे’ला दोष देणे त्या काळच्या वैद्यकाला धरूनच होते. दोष हवेचा ठरला की मग माणसांच्या स्थितीची चौकशी करण्याची गरज उरत नाही.

याशिवाय एक अडचण सीमेची होती. जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान ब्रिटिश जिल्ह्याच्या मधोमध असूनही त्याच्या हिशेबाबाहेर होते. १९०१ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८,११,४३३ आणि जव्हार संस्थानाची ४७,५३८ अशी वेगवेगळी नोंदली गेली. संस्थानाचे क्षेत्र ३१० चौरस मैल, म्हणजे दर चौरस मैलास सुमारे १५३ माणसे. दर दहा वर्षांनी संस्थानातील डोकी मोजली जात. पण जन्म-मृत्यूंचे वार्षिक आरोग्य अहवाल होते ते ब्रिटिश मुलखाचे. दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत तेथे किती जन्मले आणि किती गेले, याचा इतिहास त्यामुळे आकड्यांत मिळत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे उदाहरण बोलके आहे. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतील लोकसंख्या घटल्याचे एकमेव विसाव्या शतकातील दशक असून, त्यास प्रामुख्याने ही साथ कारणीभूत ठरली. मुंबई शहरातील साथीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. जंगलपट्टीतील साथ मात्र दोन जनगणनांच्या वजाबाकीतच शोधावी लागते.

उपासाचा पावसाळा

डोंगरपट्टीतील मृत्यूंना ऋतू आहे. नागली, वरई, उडीद ही डोंगरउतारावरची पिके दिवाळीच्या सुमारास हाती येतात. होळीपर्यंत कणग्या रिकाम्या होऊ लागतात आणि आषाढ-श्रावणात घरात दाणा नसतो. याच काळात नव्या पिकाची कष्टाची कामे असतात, पाणी गढूळ असते, हगवण व ताप बळावतात आणि दवाखान्याची वाट ओढ्यानाल्यांनी अडते. पूर्वी हा खड्डा जंगल भरून काढी. कंदमुळे, शेवळे व इतर रानभाज्या, खेकडे, मासे, मोहाची फुले यांवर कुटुंबे तग धरीत. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगले राखीव होत गेली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये मोहफुलांविषयी स्वतंत्र कायदा झाला. त्याचा उद्देश दारूवरील सरकारी उत्पन्नाचे रक्षण हा होता. पण मोह हे दारूचे जसे साधन तसे ते उन्हाळ्याच्या अखेरचे अन्नही होते. अबकारी खात्याच्या कागदात ते अन्न म्हणून कधी आले नाही.

जंगल आखडले तेव्हा सावकाराची खावटी वाढली. पावसाळ्यात घेतलेले धान्य सुगीत दीडपट-दुप्पट फेडायचे आणि फेडता न आल्यास राबायचे, हा क्रम रूढ झाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबण्याच्या पद्धतीस ‘लग्नगडी’ म्हणत. मुंबई प्रांताच्या सरकारने नेमलेल्या डी. सिमिंग्टन यांच्या १९३० च्या दशकाच्या अखेरीच्या अहवालात या वेठबिगारीची अधिकृत नोंद झाली. डहाणू, तलासरी व उंबरगाव परिसरात १९४५ मध्ये वारल्यांचा जो उठाव झाला, त्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने ती मराठी वाचकांपर्यंत नेली. हा उठाव बहुधा राजकीय व वर्गीय संघर्ष म्हणून अभ्यासला जातो आणि ते योग्यही आहे. आरोग्याच्या इतिहासातही त्याला स्थान असावयास हवे. गरोदर स्त्री कोणाच्या शेतावर राबते, तिला दुपारी घरी येऊन मुलाला पाजता येते की नाही आणि खावटीचे धान्य किती फेडावे लागते, यांवर बालकाचे जगणे अवलंबून होते. वेठ संपविणे हे त्या अर्थाने आरोग्याचेच काम होते, जरी लाल बावट्याखाली जमलेल्या माणसांनी त्याला ते नाव दिले नसेल.

वेठबिगारी ही केवळ दूरच्या डोंगरातली गोष्ट नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या आरंभी श्रमजीवी संघटनेने वेठमुक्तीचे काम सुरू केले ते वसई तालुक्याच्याच पूर्व भागातील आदिवासी पाड्यांवर. राजोडीच्या किनाऱ्यापासून ते पाडे काही तासांच्या पायवाटेवर आहेत. रेल्वेरुळाच्या पश्चिमेस एक वसई आणि तुंगारेश्वरच्या पायथ्याशी दुसरी, हे चित्र तालुक्याच्या सरासरीतही दिसत नाही.

कोसबाड ते वावर-वांगणी

या प्रदेशाच्या आरोग्येतिहासातील सर्वांत उज्ज्वल आणि सर्वांत खिन्न करणारे प्रकरण एकाच धाग्याने जोडलेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बालवाडी गावात भरते आणि वस्तीतील मुले तेथे येत नाहीत, असा अनुभव आल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. तिला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. १९५७ मध्ये हे काम बोर्डीजवळच्या कोसबाड टेकडीवर वारल्यांच्या वस्तीत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, खरूज धुऊन औषध लावणे, काही खाऊ घालणे आणि मग गाणी-गोष्टी, असा तो क्रम होता. शिक्षण आणि आरोग्य ही दोन खाती आहेत, हे त्या अंगणात कोणाला ठाऊक नव्हते.

केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हेच नाव दिले गेले. पुढे ते भारतभर पोहोचले. काश्मीर ते केरळ बोलला जाणारा हा मराठी शब्द डहाणूच्या वारली पाड्यांतून गेलेला आहे, याची जाणीव आज फार थोड्यांना असते. नावाबरोबर नोंदवह्याही आल्या. मुलाचे वजन, वय, आहार, लसीकरण यांची नोंद अंगणवाडी सेविकेकडे आली आणि पाड्यावरच्या बालकाच्या शरीराची प्रथमच नियमित मोजणी सुरू झाली.

अनुताई वाघ यांचे निधन २७ सप्टेंबर १९९२ रोजी झाले. त्याच सुमारास, १९९२-९३ मध्ये, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभरावर आदिवासी बालके दगावल्याच्या बातम्या आल्या आणि महाराष्ट्र हादरला. अंगणवाडीचे जन्मस्थान आणि वावर-वांगणी हे तेव्हा एकाच जिल्ह्यात होते. हे मृत्यू ज्या रीतीने उजेडात आले ती रीत अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ते शासकीय नोंदवहीतून बाहेर आले नाहीत. ते वृत्तपत्रांतून आले. नोंदवही असूनही ती बोलली नाही.

असे का व्हावे? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने प्रत्येक जन्माची व मृत्यूची नोंद सक्तीची केली. ग्रामीण महाराष्ट्रात हे काम ग्रामसेवकाकडे आहे. एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे, ते डोंगरात विखुरलेले, बाळंतपण घरी सुईणीच्या हातून, आजारात पहिला उपाय भगताचा. बालक पहिल्या आठवड्यात गेले तर त्याच्या जन्माचीच नोंद झालेली नसते. मग मृत्यूची नोंद करण्यासाठी मैलोन्‌मैल चालत कोण जाणार, आणि कशासाठी? मृत्यूचा दाखला लागतो तो वारसाला. ज्याच्या नावावर काही नाही, त्याच्या मृत्यूचा कागद कोणालाही नको असतो. अशा रीतीने ते बालक जन्माच्या आणि मृत्यूच्या अशा दोन्ही वह्यांतून सुटते. कधी ते उपजत मृत म्हणून दाखविले जाते. दप्तरात बालमृत्युदर त्यामुळे कमीच राहतो. जेथे नोंद सर्वांत दुबळी तेथे दर सर्वांत चांगला दिसण्याची शक्यता, ही गोष्ट आकड्यांवर विसंबणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने सावधपणे लक्षात घ्यावयास हवी.

या शंकेला भक्कम पुरावा मिळाला तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावागावांतून जन्म-मृत्यूंची स्वतंत्र मोजणी केली आणि गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले. या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाठोपाठ २००१ मधील ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील प्रत्यक्ष बालमृत्यू शासकीय नोंदीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली शासनाने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. मोजणी आणि उपचार ही एकाच बाईच्या हातची कामे असली तर दोन्ही सुधारतात, हा त्या प्रयोगाचा धडा पुढे आशा कार्यकर्तीच्या योजनेत काही प्रमाणात उतरला.

मेळघाटातील बालमृत्यूंविषयी मुंबई उच्च न्यायालयात झालेल्या जनहित याचिकेनंतर १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन, २०१५ मध्ये गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना. योजनांची ही मालिका निष्फळ ठरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर नमुना नोंदणी पद्धतीनुसार २००१ मध्ये दर हजार जन्मांमागे ४५ होता. तो २०११ मध्ये २५ आणि २०२० मध्ये १६ पर्यंत खाली आला. लसीकरण, दवाखान्यातील बाळंतपणे आणि रुग्णवाहिका यांचा त्यात मोठा वाटा आहे. मात्र नमुना नोंदणी पद्धती राज्याचा दर सांगते, तालुक्याचा नव्हे. सप्टेंबर २०१६ मध्ये पालघरमधील कुपोषण-मृत्यूंविषयी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला राज्य सरकारला नोटीस काढावी लागली, ती राज्याचा दर सातत्याने घटत असतानाच. तेव्हाही प्रश्न वर आला तो बातम्यांतूनच.

जिल्ह्याची सरासरी

२०११ च्या जनगणनेत अविभाजित ठाणे हा १,१०,६०,१४८ लोकसंख्येचा, देशातील सर्वाधिक लोकवस्तीचा जिल्हा ठरला. त्यात मोखाडा तालुक्याची लोकसंख्या ८३,४५३, म्हणजे जिल्ह्याच्या शेकडा एकाहूनही कमी, ०.७५ टक्के. जन्मांचे प्रमाण आणि आरंभीचा मृत्युदर सर्वत्र सारखाच आहे असे क्षणभर धरले, तर मोखाड्यातील बालमृत्युदर एका वर्षात दुप्पट झाला तरी ठाणे जिल्ह्याच्या सरासरीत पाऊण टक्क्याचाच फरक पडला असता. जिल्हाधिकाऱ्याच्या मेजावरील तक्त्यात तो दशांशाच्या फेरबदलात विरून गेला असता. यात कोणाचाही दुष्टावा गृहीत धरण्याचे कारण नाही. भागाकारच तसा आहे.

या दृष्टीने २०१४ चे जिल्हा विभाजन ही आरोग्याच्या इतिहासातील घटना होय. नव्या पालघर जिल्ह्यातील आठ तालुक्यांची २०११ ची लोकसंख्या २९,९०,११६ भरते. तिच्यात एकटा वसई तालुका १३,४३,४०२, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के. तर जव्हार (१,४०,१८७), मोखाडा (८३,४५३), विक्रमगड (१,३७,६२५) आणि तलासरी (१,५४,८१८) हे चार तालुके मिळून ५,१६,०८३, म्हणजे सुमारे १७ टक्के. या चार तालुक्यांत दर दहांमागे सुमारे नऊ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. पालघर वेगळे झाल्याने डोंगराळ तालुक्यांचे वजन वाढले खरे, परंतु सरासरीचा लंबक अजूनही वसईच्या बाजूने झुकलेला आहे. मुख्यालय जव्हारला व्हावे ही मागणी मान्य झाली नाही, हा त्याच वास्तवाचा दुसरा पैलू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत जिल्हावार आकडे मिळू लागले; पण ती पाहणी २०११ च्या जिल्हासीमांवर आधारलेली असल्याने त्यात पालघर ठाण्यातच होता. पालघरचे स्वतंत्र चित्र प्रथम २०१९ च्या क्षेत्रकार्यावर आधारित पाचव्या फेरीत आले. वावर-वांगणीनंतर त्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला.

वसईची वाढ जन्मांची नसून प्रामुख्याने आगमनाची आहे. १८६७ मध्ये विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली, तरी पुढील शंभर वर्षे वसई हा मुंबईला भाजी, फुले व दूध पुरविणारा प्रदेशच राहिला. मुंबईतील जागा सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्यावर माणसांचा लोंढा उत्तरेस वळला. १९९० मध्ये सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. २००१ मध्ये नालासोपारा नगरपरिषदेची लोकसंख्या १,८४,६६४ आणि विरारची १,१८,९४५ होती. २००९ मध्ये चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली आणि २०११ मध्ये त्या क्षेत्रात १२,२२,३९० माणसे मोजली गेली. राजोडीसारख्या किनाऱ्यावरील गावांत कुटुंबे लहान होत गेली, मुली शिकल्या, शिक्षिका व परिचारिका झाल्या, तरुण मुंबईस व परदेशी गेले. तेथील चिंता आज वृद्धांची, विहिरीच्या खाऱ्या होत चाललेल्या पाण्याची आणि हिरवा पट्टा टिकेल की नाही याची आहे. हरित वसईची चळवळ त्याच चिंतेतून उभी राहिली. आजारी पडल्यास वसईत पालिकेचे सर डी. एम. पेटीट रुग्णालय आहे, बंगली येथे कार्डिनल ग्रेशस रुग्णालय आहे, आणि तासा-दीड तासावर मुंबई. डोंगरात जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय हा मोठा आधार. त्यापुढे रुग्णास नाशिक, सिल्वासा किंवा ठाणे येथे हलवावे लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका रस्ता नसलेल्या पाड्यावर घरीच प्रसूत झालेल्या मातेची जुळी बालके दगावली आणि तिला स्वतःला झोळीतून रस्त्यापर्यंत न्यावे लागले, ही बातमी देशभर गाजली.

पाणी, विटा आणि माणसे

किनारा आणि डोंगर हे दोन स्वतंत्र समाज आहेत, अशी समजूत आतापर्यंतच्या विवेचनावरून होण्याचा संभव आहे. ती चुकीची ठरेल. विक्रमगड तालुक्यातील धामणी येथे सूर्या नदीवर बांधलेल्या धरणाचे पाणी वसई-विरारला येते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ४०३ दशलक्ष लिटर क्षमतेच्या योजनेतून ते वसई-विरार व मीरा-भाईंदर या दोन शहरांसाठी ठरलेले आहे. धरणासाठी उठविले गेले ते आदिवासी. पाण्याआधी माणसे आली. जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथील कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह भिवंडी, कल्याण, वाडा, वसई येथील वीटभट्ट्यांवर, रेतीच्या कामावर आणि बांधकामांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. नालासोपारा-विरारच्या इमारतींच्या विटा त्यांच्या हातच्या आहेत. सुगीत घेतलेली उचल भट्टीवर फेडली जाते. लग्नगड्याच्या काळातील कर्जाचे नाते बदलले असले तरी ते पूर्ण तुटलेले नाही.

स्थलांतराचा आरोग्यनोंदीवर थेट परिणाम होतो. गरोदर स्त्रीचे नाव गावच्या उपकेंद्रात, तिचा आहार गावच्या अंगणवाडीत आणि ती स्वतः शंभर किलोमीटरवर भट्टीच्या झोपडीत. मुलाचे वजन नोव्हेंबरपर्यंत नोंदले जाते आणि मग ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. जूनमध्ये ते परत येते तेव्हा खालावलेले असते, आणि लगेच उपासाचा पावसाळा सुरू होतो. भट्टीवर जन्मलेल्या बालकाची नोंद कोणत्या ग्रामपंचायतीने करावी, हा प्रश्न कायद्यात सुटलेला आहे. जन्म झाला त्या ठिकाणची. पण भट्टीजवळच्या गावाला ते कुटुंब आपले वाटत नाही आणि कुटुंबाला ते गाव.

जनगणनेचाही येथे विचार केला पाहिजे. पहिली सर्वदेशीय जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ रोजी झाली. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. हवामान कोरडे, रस्ते खुले आणि शाळांचे शिक्षक उपलब्ध असल्याने फेब्रुवारी हा महिना सोयीचा मानला जातो. सोय गणकाची आहे. डोंगरातील पाडे त्या महिन्यात अर्धेअधिक रिकामे असतात. संपूर्ण गणनाकाळ बाहेर असलेले कुटुंब नियमाप्रमाणे जेथे सापडेल तेथे मोजावयाचे असते. ते भट्टीवर मोजले गेले तर भिवंडीच्या किंवा वसईच्या खात्यात जमा होते, न मोजले गेले तर कोठेच नसते. मोखाड्याची ८३,४५३ ही संख्या म्हणजे फेब्रुवारीतल्या मोखाड्याची संख्या होय. अन्नधान्याचा कोटा, अंगणवाड्यांची संख्या, आरोग्य केंद्रांचे निकष हे सर्व लोकसंख्येवर ठरत असल्याने ही त्रुटी कागदावरच राहत नाही. ती श्रावणात त्याच पाड्यावर कमी पडणाऱ्या धान्याच्या रूपाने परत येते.

२०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. जून २०२५ मधील अधिसूचनेनुसार नवी जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणार असून, लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत ठरलेली आहे. ही मोजणी अंकीय साधनांवर, भ्रमणध्वनीच्या साहाय्याने व्हावयाची आहे. राजोडीतील घरे त्या महिन्यात उघडी असतील. मोखाड्याच्या पाड्यांवर वृद्ध माणसे घरे राखीत असतील, आणि त्यांची सुना-नातवंडे मोजायची तर गणकाला वसई, वाडा आणि भिवंडीच्या भट्ट्यांवर जावे लागेल.